सोशल मीडियाच्या धोक्यांविषयी इंग्रजीत बोलताना नेमका शब्द कसा निवडावा

गटचर्चेत किंवा मुलाखतीत हा विषय निघाला की बहुतेक मराठी विद्यार्थ्यांची अडचण शब्द कमी पडण्याची नसते. हॅक, व्हायरल, ट्रोल, फेक हे शब्द आपण रोज वापरतो. अडचण अशी की मराठीत आल्यावर या शब्दांचे अर्थ पसरट झाले आहेत आणि इंग्रजी बोलताना तोच पसरटपणा आपण परत घेऊन जातो. म्हणून नव्या शब्दांची यादी पाठ करण्याआधी, माहीत असलेले शब्द तपासून घ्यावेत.

सुरुवात ‘धोका’ या शब्दापासूनच करावी लागते. मराठीत तो एकटा जे काम करतो त्यासाठी इंग्रजीत निदान चार शब्द आहेत. ‘डेंजर’ हा सर्वसाधारण शब्द आहे. ‘रिस्क’मध्ये काही वाईट घडण्याची शक्यता असते, ‘थ्रेट’मध्ये ते घडवू शकणारी व्यक्ती किंवा गोष्ट समोर असते, आणि ‘हार्म’ म्हणजे प्रत्यक्ष झालेली हानी. यांची क्रियापदेही ठरलेली आहेत: रिस्क ‘पोझ’ केली जाते किंवा ‘टेक’ केली जाते, हार्म ‘कॉज’ केले जाते, ‘टेक अ डेंजर’ असे मात्र कोणी म्हणत नाही.

सर्वाधिक गोंधळ ‘हॅक’ या शब्दाचा आहे. कोणीतरी तुमचा फोटो उचलून तुमच्या नावाने दुसरे खाते उघडते आणि तुमच्या मित्रांकडे पैसे मागते, तेव्हा आपण सहज म्हणतो, ‘माझं अकाउंट हॅक झालं.’ प्रत्यक्षात तुमच्या खात्याला कोणी हातही लावलेला नसतो. इंग्रजीत अशा वेळी ‘सम्वन इज इम्पर्सोनेटिंग मी’ किंवा ‘माय प्रोफाइल हॅज बीन क्लोन्ड’ म्हणावे. पासवर्ड मिळवून कोणी आत शिरले असेल तरच ‘माय अकाउंट हॅज बीन हॅक्ड’ हे वाक्य योग्य ठरते. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. पहिल्या प्रकारात बनावट खात्याची तक्रार करावी लागते, दुसऱ्यात आधी पासवर्ड बदलावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 यातही दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे कलम 66सीमध्ये आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे कलम 66डीमध्ये, असे वेगळे नोंदले आहे. पासवर्ड गोड बोलून किंवा खोट्या लिंकवरून काढून घेण्याला ‘फिशिंग’ म्हणतात. उच्चार मासेमारीचाच आहे, पण स्पेलिंगची सुरुवात एफने न होता पी-एचने होते. फसलेल्या माणसाविषयी ‘ही फेल फॉर अ फिशिंग स्कॅम’ असे म्हणावे. येथे ‘फॉर’ गाळला तर वाक्य कोसळते.

‘फेक न्यूज’ हा शब्द चर्चेत सरसकट फेकला जातो. त्याऐवजी दोन शब्द वेगळे ठेवावेत. खोटी माहिती खरी समजून पुढे पाठवली तर ती ‘मिसइन्फर्मेशन’, आणि खोटी आहे हे ठाऊक असून पसरवली तर ‘डिसइन्फर्मेशन’. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्या काळात अशा टोळ्यांविषयीचे खोटे संदेश भाबडेपणाने पुढे ढकलणारे असंख्य लोक मिसइन्फर्मेशन पसरवत होते. जाणूनबुजून असा खोटा संदेश रचणाऱ्याच्या कृत्याला डिसइन्फर्मेशन हा शब्द लागतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. हे उदाहरण इंग्रजीत मांडताना अफवेसाठी ‘स्प्रेड’, ‘फ्यूएल’ आणि ती खोडून काढण्यासाठी ‘डिबंक’ ही क्रियापदे हाताशी ठेवावीत. ‘व्हायरल केले’चे ‘डिड व्हायरल’ करू नये. संदेश ‘वेंट व्हायरल’ होतो.

‘ट्रोल’च्या बाबतीतही आपण सैल आहोत. कोणी नुसती टीका केली तरी आपण तिला ट्रोलिंग म्हणतो. इंग्रजीत मुद्दाम डिवचण्यासाठी लिहिणे म्हणजे ट्रोलिंग. एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा लक्ष्य करून छळणे म्हणजे ‘सायबरबुलिंग’. तरुण मंडळी एखाद्याचे प्रोफाइल चाळण्यालाही हसत ‘स्टॉक केलं’ म्हणतात, परंतु औपचारिक चर्चेत हा शब्द जपून वापरावा, कारण स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा आहे.

व्यसनाविषयी बोलताना आपली चूक शब्दयोगी अव्ययातून येते. ‘मोबाइलचे व्यसन’ या मराठी रचनेमुळे तोंडी ‘ॲडिक्टेड ऑफ मोबाइल’ येते. इंग्रजीत ‘ॲडिक्टेड टू’ हवे, आणि ‘व्हल्नरेबल’, ‘एक्स्पोज्ड’, ‘प्रोन’ यांनाही ‘टू’च लागतो. या ‘टू’नंतर क्रियापद आले तर त्याला ‘इंग’ जोडावे: ‘ॲडिक्टेड टू स्क्रोलिंग’, ‘ॲडिक्टेड टू स्क्रोल’ नव्हे. खरे तर ‘ॲडिक्शन’ हा शब्दही विचारपूर्वकच वापरावा असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, सोशल मीडियाचे व्यसन स्वतंत्र आजार म्हणून नाही. ‘प्रॉब्लेमॅटिक यूज’ किंवा ‘कम्पल्सिव्ह यूज’ म्हणणारा उमेदवार अभ्यास करून आलेला वाटतो.

समोरच्या गटातून कोणी ‘सरकारने बंदीच घालावी’ म्हटले तर उत्तराचीही शब्दसंपत्ती हवी. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली होती. त्या वेळी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66ए सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले. शिक्षेच्या भीतीने लोकांनी बोलणेच सोडून देणे, याला इंग्रजीत ‘चिलिंग इफेक्ट’ म्हणतात, आणि या युक्तिवादाला त्याहून नेमका शब्द नाही.

वाक्यांचा सूरही पाहावा. ‘सोशल मीडिया स्पॉइल्स द यूथ’ हे शाळेतल्या निबंधाचे वाक्य आहे. ‘हेवी यूज मे अफेक्ट स्लीप’ किंवा ‘टीनेजर्स टेंड टू कम्पेअर देमसेल्व्ज विथ अदर्स’ अशी ‘मे’, ‘कॅन’, ‘टेंड टू’ घातलेली वाक्ये सहज खोडता येत नाहीत.

सरावासाठी ऑनलाइन फसवणुकीची एखादी मराठी बातमी घ्यावी, ‘हॅक’, ‘फेक’ आणि ‘व्हायरल’ हे तीन शब्द स्वतःला वर्ज्य करावेत आणि कोणी, कोणाचे, काय केले हे पाच इंग्रजी वाक्यांत मोठ्याने सांगावे. पहिल्या दिवशी तिसऱ्या वाक्यालाच अडखळायला होईल. तिथे अडलेला शब्द वहीत टिपून ठेवावा.