लॅपटॉपवर अँटीबॉडी 'घडवून' बघायची असेल तर

इम्युन सिस्टीमचं गणित म्हटलं की लोक लगेच डिफरेन्शियल इक्वेशन्स काढून बसतात. माझं मत, आधी पायथनमध्ये छोटं सिम्युलेशन करा, कारण एका जर्मिनल सेंटरमध्ये (लिम्फ नोडसारख्या ठिकाणची जागा, जिथे अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-सेल बदलत-निवडत जास्त चांगल्या होत जातात) सुरुवातीला साधारण ५० ते २०० वेगवेगळे बी-सेल क्लोन, म्हणजे एकाच मूळ सेलपासून झालेली कुटुंबं, असतात आणि एवढ्या कमी संख्येत नशिबाचा भाग मोठा असतो, तो सरासरीच्या इक्वेशनमध्ये दिसतच नाही.

अँटीजेन (ज्याला अँटीबॉडी चिकटते तो जंतूचा भाग) आपल्या मॉडेलमध्ये म्हणजे ० आणि १ ची २० आकड्यांची एक ओळ. बी-सेल पण तशाच, १०० रँडम ओळी. किती जागी आकडे जुळले ती अ‍ॅफिनिटी, म्हणजे चिकटण्याची ताकद. आकाराला असं आकड्यांत मांडायची कल्पना पेरेलसन आणि ऑस्टर यांची, १९७९ ची.

आता एक राउंड: प्रत्येक सेल दोनदा डिव्हाइड करा म्हणजे ४०० झाले, प्रत्येक डिव्हिजनला प्रत्येक आकडा थोड्या शक्यतेने उलटा करा (हा डार्क झोन, जर्मिनल सेंटरचा डिव्हिजन आणि म्युटेशनचा भाग), मग सगळ्यात जास्त जुळणारे १०० ठेवा बाकीचे मेले (हा लाइट झोन, निवडीचा भाग, इथे टी-सेल या दुसऱ्या इम्युन सेलची मदत मिळवायला मारामारी असते), आणि उरलेले परत डार्क झोनला.

म्युटेशन रेट किती घ्यायचा इथे बरेच जण अडकतात. खरा रेट दर डिव्हिजनला डीएनएच्या दर अक्षरामागे साधारण १/१००० आहे म्हणून तोच आकडा आपल्या ओळीला लावला तर मॉडेल कासवासारखं सरकतं. जुळवायचं ते सेलमागचं प्रमाण: अँटीबॉडीच्या व्हेरिएबल भागात (अँटीजेनला चिकटणारा, बदलता भाग) एका प्रोटीन-चेनला अंदाजे ३५० अक्षरं, म्हणजे दर डिव्हिजनला ०.३५ बदल, ते २० आकड्यांवर वाटले की ०.०१७ च्या आसपास येतं.

मग रेट बदलून खेळा. शून्य ठेवला तर पहिल्या १०० मधला बेस्ट जो असेल तिथेच गाडी थांबते. ०.३ केला तर सिलेक्शनआधीची सरासरी अ‍ॅफिनिटी दहाच्या, म्हणजे रँडम ओळीइतक्याच, आसपास लोळत राहते, कारण मिळवलेलं सगळं पुढच्याच डिव्हिजनमध्ये पुसलं जातं.

खरी मजा पुढे आहे. रेट कायम चालू ठेवायच्या ऐवजी काही राउंड चालू, मग काही राउंड एकदम शून्य असं करून बघा, बंद असताना चांगले सेल न बिघडता वाढतात आणि सरासरी बेस्टच्या जवळ सरकते. केपलर आणि पेरेलसन यांनी १९९३ मध्ये ऑप्टिमल कंट्रोल (वेळेनुसार सगळ्यात चांगली सेटिंग शोधायचं गणित) लावून हेच दाखवलं, म्युटेशन आणि म्युटेशनशिवाय वाढ आलटून पालटून.

आणि हो, प्रत्येक सेटिंग वेगवेगळ्या रँडम सीडने (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) निदान ५० वेळा चालवा, एकाच रनचा ग्राफ बघून निष्कर्ष काढू नका.