क्लच प्लेट बदलण्याआधी: बिघाड नेमका कुठे आहे ते कसं ओळखायचं

माझ्या गाडीचा रिव्हर्स गिअर खर्रकन वाजायला लागला, तेव्हा मेकॅनिकने बॉनेटही न उघडता सांगितलं, ‘क्लच प्लेट गेली.’ मी हो म्हटलं. गिअरबॉक्स उतरला, प्लेट बदलली, आणि तीन आठवड्यांनी सोलापुरात होटगी रोडला पार्किंगमधून गाडी मागे घेताना पुन्हा तोच आवाज. शेवटी ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींनी मला पेडलपाशी वाकायला लावलं. क्लच पेडलची दांडी जिथे केबिन आणि इंजिनमधल्या भिंतीत शिरते, तिथे एक रबरी टोपी असते. ‘त्यावर बोट फिरवा,’ म्हणाले. बोट ओलं झालं. खालच्या मॅटलाही तेलकट डाग होता. पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर गळत होता, प्लेटचा काही संबंध नव्हता.

गिअरबॉक्स उतरवणं हे क्लचच्या दुरुस्तीतलं सगळ्यात मोठं काम. ते सगळ्यात शेवटी करायचं, म्हणून आधी अर्धा तास तपासणीला द्या.

रचना थोडक्यात अशी. इंजिनच्या फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाला, प्रेशर प्लेट बोल्टने बसवलेली असते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की केबल किंवा ऑइलचा दाब रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, प्रेशर प्लेट सैल होते आणि इंजिन गिअरबॉक्सपासून सुटतं. त्यामुळे प्रश्न दोनच: क्लच नीट पकडतोय का, आणि नीट सोडतोय का?

पकडतोय का?

प्लेट घसरायला लागली की इंजिन ओरडतं, पण गाडी उचलत नाही. सपाट रस्त्यावर हे लवकर कळत नाही. तुळजापूरच्या घाटात चार माणसं बसवून चढायला लागलात की लगेच कळतं: आरपीएम चढतो, वेग तसाच, आणि मागोमाग जळका वास.

घाटापर्यंत न जाता तपासायचं असेल तर मोकळी, सपाट जागा शोधा. गाडीसमोर कोणी उभं नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, उजवा पाय ब्रेकवर घट्ट ठेवा. इंजिन चालू ठेवून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. चांगला क्लच इंजिनला तिथल्या तिथे बंद पाडतो. पेडल पूर्ण सुटलं तरी इंजिन चालूच राहिलं, तर प्लेट घसरतेय. लगेच क्लच दाबा आणि ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नका, प्लेट तापते.

प्लेट घसरतेय म्हणजे ती झिजलीच असं लगेच धरू नका. केबलची गाडी असेल तर आधी पेडल बोटांनी दाबून बघा. विरोध जाणवण्याआधी पेडल थोडं मोकळं हललं पाहिजे. किती, ते गाडीच्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. मोकळी हालचाल अजिबात नसेल तर केबल क्लचला सतत किंचित दाबून ठेवते, तुम्ही पाय उचलला तरी. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाला नट असतो. तो सैल करून मोकळीक पुस्तकातल्या मापाला आणा आणि पुन्हा चाचणी घ्या. काही गाड्यांत केबल स्वतःच ॲडजस्ट होते, तिथे हा नट सापडणार नाही.

सोडतोय का?

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, क्लच तळापर्यंत दाबून तेच करा. बंद असताना लोण्यासारखे पडणारे गिअर चालू झाल्यावर अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आणखी खात्री हवी असेल तर न्यूट्रलमध्ये क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच खरंच सुटला असेल तर एवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. माझ्या गाडीत तो दहा सेकंदांनीही वाजायचा.

केबलच्या गाडीत याचं कारण बहुतेकदा सैल केबल किंवा तिच्या तुटत आलेल्या तारा. ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये क्रम असा: बॉनेट उघडून क्लच ऑइलच्या छोट्या टाकीतली पातळी बघा, पेडलमागची रबरी टोपी बघा, मग गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) बघा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच टाकीतलं ऑइल वापरतात, म्हणून पातळी उतरली असेल तर नुसतं ऑइल भरून पुढे जाऊ नका, गळती शोधा. पेडल स्पंजासारखं लागत असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे.

ही हवा काढणं दोघांचं काम आहे. घरातल्या कोणाला तरी सीटवर बसवा. टाकी भरा, झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलं असेल तेच ऑइल, तेही न उघडलेल्या डब्यातलं, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. स्लेव्ह सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आतला माणूस पेडल तीन-चारदा पंप करून दाबून धरेल. तुम्ही निपल उघडा, बुडबुडे निघाले की बंद करा, आणि मगच ‘सोड’ म्हणा. हा क्रम चुकला तर हवा परत आत जाते. पेडल खालीच राहिलं तर हाताने वर ओढायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि मध्ये टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. हे ऑइल गाडीचा रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

आवाज आणि झटके

पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग. उलट, न्यूट्रलमध्ये पाय उचललेला असताना आवाज येतो आणि पेडल दाबल्यावर थांबतो, तर संशय गिअरबॉक्समधल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. तिथे क्लच बदलून फायदा नाही. जागेवरून सुटताना गाडी थरथरत असेल तर प्लेटवर ऑइल आलेलं असू शकतं, पण आधी इंजिनचे माउंटिंग हलवून बघा.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर

हे काम घराच्या अंगणात नुसत्या जॅकवर करू नका. गाडीखाली शिरायचं तर भक्कम स्टँड हवेतच. मी हे गॅरेजवरच सोपवतो, पण गिअरबॉक्स खाली आला की फोन करायला सांगतो आणि स्वतः जाऊन बघतो.

बघायचं काय? जुन्या प्लेटवर रिव्हेट पृष्ठभागाला टेकले असतील तर तिचं आयुष्य खरंच संपलंय. फ्लायव्हीलवर निळसर डाग, बारीक भेगा किंवा बोटाला लागणारे चरे असतील तर नुसती प्लेट बदलून थरथर जाणार नाही. फ्लायव्हीलच्या मागे, क्रँकशाफ्टच्या टोकाला ऑइल सील असतं. तिथे ओल दिसली तर ते त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर नवी प्लेट त्या ऑइलने वाया जाईल. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र घ्या. मजुरी एकदाच लागते.

बसवताना प्लेटची बाजू उलटी होत नाही ना, ते तपासा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. प्लेट मध्यावर आणायला अलाइनमेंट टूल लागतं. प्लेट ज्यावर बसते त्या शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइनवर) ग्रीस अगदी पुसट. आणि जुन्या क्लचची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

नवा क्लच बसल्यावर पहिले 500 किलोमीटर जपून चालवा. सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि पाय पेडलवरून काढा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाकडे अर्ध्या क्लचवर सरकत राहण्याऐवजी समोर गाडीभर जागा होऊ द्या, मग पुढे घ्या. आणि जुने भाग गॅरेजमधून मागून घ्या.