गुलाल की साबुदाणा: लाळग्रंथीच्या एफएनएसीचे माझे धडे

कोल्हापुरात पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी सुरू झाली, तेव्हा एफएनएसीची, म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासायची, ओपीडी मला शिक्षाच वाटायची. थायरॉइड, लिम्फ नोड, स्तनाच्या गाठी यांवर हात लवकर बसला. पण कानापुढची किंवा जबड्याखालची गाठ आली की सीनियर चहाला सटकायचे. का, ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं.

लाळग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात. पॅरोटिडमध्ये, म्हणजे कानापुढच्या ग्रंथीत, तर दहातल्या आठ, आणि त्यातही बहुतेक प्लिओमॉर्फिक अडिनोमा ही साधी गाठ. जिम्सा रंगाच्या स्लाइडवर त्याचा स्ट्रोमा (पेशींमधला आधाराचा पदार्थ) जोतिबाच्या गुलालासारखा उधळलेला दिसतो: गडद गुलाबी, तंतूतंतू, कडा पिंजलेल्या, आणि त्यात पेशी अडकलेल्या. एकदा बघितला की विसरत नाही. धोका नेमका इथेच आहे, कारण मग गुलाबी दिसलं की हात आपोआप 'प्लिओमॉर्फिक' लिहायला लागतो. ग्रंथी जितकी लहान तितका कॅन्सरचा संशय जास्त, हे पुस्तकात वाचलेलं तेव्हा आठवत नाही.

जुलैत गगनबावड्याकडच्या एक मावशी आल्या. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. मी तेवीस नंबरच्या सुईनं दोन पास घेतले. बाहेर धो धो पाऊस, लॅबमध्ये दमट. जिम्सासाठी हवेत ठेवलेली स्लाइड वाळायला इतका वेळ लागला की पेशी आक्रसून गेल्या. नवीन मुलांनो, पावसाळ्यात स्लाइड पंख्याखाली ताबडतोब हलवून वाळवा. जमल्यास ड्रायरची थंड हवा द्या. मी तसं केलं नव्हतं. मग अल्कोहोलमध्ये टाकलेल्या, पॅप या दुसऱ्या रंगाच्या स्लाइडवर भिस्त ठेवली. बारीक, गर्द केंद्रकांच्या पेशींचे घोळके आणि मध्ये फिकट, जवळजवळ पारदर्शक जागा. त्या जागा मी रिकाम्या समजले आणि 'बिनाइन (साधी), प्लिओमॉर्फिक अडिनोमा' असा मसुदा करून सरांपुढे ठेवला.

सरांनी मायक्रोस्कोपला डोळाही लावला नाही. "पेशंटला दुखतंय का?" एवढंच विचारलं. मी विचारलंच नव्हतं.

मावशी अजून व्हरांड्यातच होत्या. म्हणाल्या, "जेवताना न्हाई दुखत. रातच्याला ठणकतंय. आन् जिभेची ही बाजू बधिर झाल्यागत वाटती." जेवताना सूज येऊन दुखलं तर लाळेच्या नळीतल्या खड्याचा विचार आधी करायचा. पण रात्रीचं ठणकणं आणि अर्धी जीभ बधिर, म्हणजे गाठीनं नस धरली असण्याची शक्यता. त्यांना समजावून पुन्हा सुई घातली आणि या वेळी स्लाइड झटपट वाळवली. जिम्सावर आता तेच 'रिकामे' गोळे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे उठून दिसत होते: गोल, गुलाबी, कडा रेखीव, आत एकही पेशी नाही, भोवती बारीक पेशींचं कडं. अडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीच्या तपासणीतही (हिस्टो) तेच आलं, नसेभोवती पसरलेलं.

तरी साबुदाणा दिसला की डोळे झाकून कॅन्सर लिहू नका. असे गोळे बेसल सेल अडिनोमा या साध्या गाठीत, क्वचित प्लिओमॉर्फिकमध्येही दिसतात. बेसल सेल अडिनोमा आणि त्याच्या कॅन्सरातला फरक तर गाठ आजूबाजूला घुसली आहे का यावर ठरतो, आणि ते सुईला दिसत नाही. लाळग्रंथीच्या एफएनएसी रिपोर्टासाठी २०१८ मध्ये आलेल्या मिलान सिस्टिममध्ये यासाठीच 'सम्प' हा वर्ग आहे: गाठ नक्की आहे, पण चांगली की वाईट ते सांगता येत नाही. अशा रिपोर्टात कॅन्सर निघण्याची जोखीम सुमारे ३५ टक्के धरतात. नवख्यांना 'सम्प' लिहायची लाज वाटते. मला विचाराल तर चुकीचं नाव ठोकण्यापेक्षा तो रिपोर्ट सर्जनला जास्त उपयोगी पडतो.

दुसरा फसवणारा कॅन्सर म्हणजे लो-ग्रेड म्युकोएपिडर्मॉइड. सुई घातली की नुसतं चिकट पाणी येतं, पेशी मोजक्याच. 'सिस्ट' (पाण्याची साधी गाठ) लिहून मोकळे होऊ नका. पाणी काढल्यावर बोटाला जी गाठ उरते, तिच्यातच पुन्हा सुई घाला.

असिनिक सेल कार्सिनोमा हा कॅन्सर निरोगी ग्रंथीसारखाच दिसतो, फक्त सोबत नळ्या आणि चरबी सापडत नाही. त्याच्या जुन्या केसेसमधल्या काही प्रत्यक्षात सिक्रेटरी कार्सिनोमा या दुसऱ्याच कॅन्सरच्या होत्या. तो वेगळा ओळखला गेला २०१० मध्ये. हे दोन्ही नुसत्या स्मिअरवर वेगळे करायचा हट्ट मी सोडून दिलाय. त्यासाठी सेल ब्लॉक (सुईत उरलेल्या पेशींचा मेणातला ठोकळा) आणि त्यावर मार्करच्या तपासण्या लागतात: डॉग-१ असिनिकच्या बाजूनं, एस-१०० आणि मॅमाग्लोबिन दोन्ही ठळक आले तर सिक्रेटरीच्या. म्हणून स्लाइड झाल्यावर सुई सलाइनमध्ये धुवून घ्या, आणि टेक्निशियन काकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती ट्यूब संध्याकाळच्या आवराआवरीत सिंकमध्ये जाते.