डम्पिंग ट्रॉलीचा जॅक सारखा त्रास देतोय? या चुका टाळा

शेणखत वाहायचे दिवस आले की डम्पिंग ट्रॉलीला उसंत नसते, आणि नेमका तेव्हाच जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने ट्रॉली उचलणारा दांडा, अर्ध्यावर अडकतो. सगळे जॅकलाच नावं ठेवतात. खरं दुखणं बहुतेक वेळा तेलात आणि धुळीत असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक कपलरपाशी, म्हणजे ट्रॉलीचा तेलाचा पाइप ट्रॅक्टरला जोडतात तिथे होते. ट्रॉली सोडल्यावर होज पाइप तसाच लोंबकळतो, तोंड मातीत घासतं आणि पुन्हा जोडताना ती माती थेट आत जाते. पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिकला एकच तेल असतं, त्यामुळे ही घाण जॅकपुरती राहत नाही, पंपापर्यंत पोचते. जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. सोडल्यावर टोपण लावा. भाड्याची ट्रॉली असेल तर जास्तच जपा, कारण ती खाली येताना तिच्या जॅकमधलं आधीच्या ट्रॅक्टरचं तेल तुमच्या ट्रॅक्टरमध्ये येतं.

कपलर बसत नाही म्हणून हातोडी घेऊ नका. उन्हात तापलेल्या होजमध्ये तेल फुगून दाब अडकलेला असतो. इंजिन बंद करून लिव्हर मागेपुढे करा, तरी दाब ट्रॉलीच्या बाजूला असू शकतो. तो फिटरकडून सोडवून घ्या. आणि ट्रॉली वर जाते पण खाली येत नाही, असं झालं तर कपलर अर्धवट बसलाय का हे आधी बघा. मात्र तो तपासताना ट्रॉलीखाली जायचं नाही.

तेलाची पातळी ट्रॉली खाली, इंजिन बंद आणि ट्रॅक्टर सपाट जागी असताना बघायची. जॅक उघडलेला असताना तेल त्याच्यात गेलेलं असतं, म्हणून डिपस्टिक कमी दाखवते. त्या वेळी भर घातली तर ट्रॉली उतरल्यावर तेल जास्त होऊन बाहेर येतं. तेल दुधासारखं पांढरट झालंय? पाणी शिरलंय, तेल बदला. फेस येतोय, पंप कण्हतोय? तेल कमी आहे किंवा सक्शनच्या, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूने हवा ओढली जातेय. पुस्तिकेत लिहिलेलंच तेल वापरा, उरलेलं इंजिन ऑइल ओतू नका.

ग्रीस बिजागऱ्यांना आणि जॅकच्या दोन्ही टोकांच्या पिनांना द्यायचं. ग्रीस भरायचं निपल आधी पुसा, नाहीतर ग्रीस गन मातीच आत ढकलते. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत द्या. जॅकच्या चकचकीत दांड्याला मात्र ग्रीस अजिबात फासू नका. त्यावर धूळ चिकटते आणि दांडा आत जाताना तेल अडवणारं सील खरवडतो. त्याच कारणासाठी ट्रॉली उभी करताना जॅक पूर्ण मिटलेला ठेवा आणि वेल्डिंग करताना दांडा झाका. ठिणगीचा एक बारीक दाणासुद्धा सील फाडायला पुरतो.

ओझं उचलेना म्हणून जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आवळणं हा उपाय नाही, त्याने होज फुटतो. भरलेल्या ट्रॉलीचा भार कमी करा.

वर उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणालाही जाऊ देऊ नका, दोन मिनिटांसाठीही नाही. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. सुईएवढ्या भोकातून येणारी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, फारशी दुखतही नाही, म्हणून लोक घरी थांबतात आणि बोट किंवा हात गमावायची वेळ येते. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि दाबाचं तेल आत गेलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.