स्वयंसेवकांच्या बळावर एमपीएससीचा टेलिग्राम ग्रुप कसा चालवायचा

अभ्यासाचा टेलिग्राम ग्रुप काढायला दोन मिनिटं पुरतात. तो दुसऱ्या वर्षीही कामाचा ठेवणं अवघड, कारण ग्रुप सांभाळणारे स्वतःच उमेदवार असतात. पूर्वपरीक्षा दीड महिन्यावर आली की ग्रुपवर मेसेजचा पूर येतो आणि नेमके तेव्हाच ॲडमिन फोन बंद करून अभ्यासिकेत बसलेले असतात. त्यांनी बसायलाच हवं. निवड झाली तर ते प्रशिक्षणाला जातात, नाही झाली तर बरेच जण काही महिने कुणाशी बोलत नाहीत. म्हणून प्रत्येक काम असं लावायचं की ते करणारा माणूस सहा महिन्यांत जाणार आहे हे गृहीत धरलेलं असेल.

माणसं कुठे शोधायची

‘ग्रुपसाठी ॲडमिन हवेत’ असा मेसेज टाकू नका. त्यावर हात वर करणाऱ्यांत निम्म्यांना नावापुढचा ॲडमिनचा टिळा हवा असतो, काही क्लासचे प्रतिनिधी असतात. त्यापेक्षा ग्रुपवर महिनाभर कोण कुणाला नीट उत्तर देतंय ते बघा आणि त्या व्यक्तीला थेट एक ठरावीक काम विचारा: ‘बुधवार आणि शनिवारची भूगोलाची क्विझ जूनअखेरपर्यंत तुम्ही घ्याल का?’ काम आणि शेवटची तारीख दोन्ही सांगितलं की लोक सहसा हो म्हणतात आणि दिलेला शब्द पाळतात.

सर्वात जास्त वेळ असतो तो निवड होऊन नियुक्तीची वाट पाहणाऱ्यांकडे. अभ्यास ताजा असतो आणि घरी बसून कंटाळाही आलेला असतो. दुसरा गट म्हणजे वेगळ्या परीक्षेचे उमेदवार. राज्यसेवेच्या हंगामात गट क वाले मोकळे असतात आणि उलटही, त्यामुळे पाळ्या लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससीच्या) वेळापत्रकावरून लावाव्यात. तिसरे, स्पर्धा परीक्षा सोडून नोकरीधंद्याला लागलेले. त्यांना रोजचं काम नको असतं, पण महिन्यातून एकदा पंधरा उत्तरं तपासून देतात. सेवेत रुजू झालेल्या अधिकाऱ्यांकडून मार्गदर्शन जरूर घ्या, मानधन मात्र देऊ करू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्यांना लागू असतात आणि तुमच्या दोन हजार रुपयांपायी त्यांना खुलासा देत बसावं लागू नये.

पाच हजार सदस्यांच्या ग्रुपला आठ ते दहा जण पुरतात: देखरेखीला चार, क्विझला तीन, उत्तरतपासणीचं नियोजन करायला एक, चालू घडामोडी आणि आयोगाच्या जाहिराती यांच्यासाठी एक. देखरेखीच्या पाळ्या सकाळी ७ ते ९ आणि रात्री ९ ते १२ अशा ठेवा. दुपारी बॉट, म्हणजे आपोआप चालणारं खातं, सांभाळतो.

अधिकार मोजून द्या

टेलिग्राममध्ये ग्रुपला ५० ॲडमिन ठेवता येतात आणि प्रत्येकाचे अधिकार वेगवेगळे ठरवता येतात. ही सोय बहुतेक ग्रुप वापरतच नाहीत, सगळ्यांना सगळं देऊन मोकळे होतात. देखरेख करणाऱ्याला मेसेज पुसण्याचा आणि सदस्य काढण्याचा अधिकार द्या. क्विझवाल्याला फक्त मेसेज पिन करण्याचा. नवीन ॲडमिन नेमण्याचा अधिकार मालकाशिवाय आणखी एकाच माणसाकडे असावा. बॉटला तो कधीच देऊ नका.

देखरेखवाल्यांसाठी निनावी राहण्याची सोय सुरू करा, म्हणजे त्यांचा मेसेज ग्रुपच्या नावाने दिसतो. काढून टाकलेला उमेदवार मग रात्री दीड वाजता ‘माझा गुन्हा काय’ म्हणून त्यांच्या इनबॉक्समध्ये येत नाही. अशा वैयक्तिक मेसेजांना कंटाळून काम सोडणारे स्वयंसेवक पुष्कळ. तक्रारीसाठी एक वेगळं खातं ठेवा आणि ते दोघांनी मिळून बघा. कुणी काय पुसलं, कुणाला काढलं याची नोंद ‘रीसेंट ॲक्शन्स’मध्ये ४८ तासच राहते. वाद झाला तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ॲडमिनच्या खासगी ग्रुपात टाका.

बाकी सेटिंग थोडक्यात: स्लो मोड (एकाच सदस्याच्या दोन मेसेजमधलं सक्तीचं अंतर) एरवी ३० सेकंद, परीक्षेच्या आणि निकालाच्या दिवशी ५ मिनिटं. सदस्यांची यादी लपवा, नाहीतर बाहेरचे लोक ती उपसून प्रत्येकाला जाहिराती पाठवतात. प्रवेशाच्या लिंक ठिकाणागणिक वेगळ्या काढा, म्हणजे कचरा कोणत्या लिंकवरून येतो ते कळतं आणि तेवढीच बंद करता येते. रोझसारखा बॉट स्वागत, नव्या सदस्याची पडताळणी आणि ताकीद देण्याचं काम करतो. तीन ताकिदींनंतर बाहेर, हा नियम पुरेसा आहे.

क्विझ

ग्रुपचा खरा जीव क्विझमध्ये असतो आणि चुकाही तिथेच होतात. टाकलेली क्विझ नंतर दुरुस्त करता येत नाही. उत्तराचा पर्याय चुकला तर चारशे जण चुकीचं उत्तर ‘बरोबर’ म्हणून पाठ करतात. म्हणून प्रश्न करणारा आणि तपासणारा एकच नको. सामायिक शीटमध्ये पाच रकाने करा: प्रश्न, पर्याय, उत्तर, स्रोत आणि पान क्रमांक, तपासणाऱ्याचं नाव. शेवटचा रकाना रिकामा असेल तर प्रश्न जात नाही. ‘गूगलवर मिळालं’ हा स्रोत धरायचा नाही.

क्विझच्या उत्तराखाली दिसणाऱ्या स्पष्टीकरणाला टेलिग्रामची २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि इथे मराठीला फटका बसतो. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: ‘मुख्यमंत्री’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, मोजणीत अकरा भरतात. म्हणजे हातात साधारण तीस शब्द. पंचायत राजवरच्या प्रश्नाचं स्पष्टीकरण असं बसतं:

‘७३वी: २४ एप्रिल १९९३पासून लागू, अकरावी अनुसूची, २९ विषय. ७४वी: १ जून १९९३पासून, बारावी अनुसूची, १८ विषय.’

हे मोजणीत शंभराच्या थोडं वर जातं. उरलेल्या जागेत पुस्तकाचं नाव आणि पान टाका. ‘घटनादुरुस्ती’ हा शब्द वगळला, कारण तो प्रश्नात आलेलाच आहे.

मतदान निनावी ठेवा. चुकल्याचं सगळ्यांना दिसलं की नवखे उत्तरच देत नाहीत, आणि खरी गरज त्यांनाच असते. चूक सापडली तर ती क्विझ पुसू नका, थांबवा. त्याच मेसेजला उत्तर म्हणून दुरुस्ती लिहा आणि दुरुस्त प्रश्न पुन्हा टाका. पुसली तर आधी सोडवून गेलेल्यांना दुरुस्ती झाल्याचं कळतच नाही. रोज दहा प्रश्न पुरे. पन्नास टाकणारा स्वयंसेवक तीन आठवड्यांत दमतो आणि मग प्रश्न कुठूनतरी उचलले जातात.

वर्णनात्मक उत्तरं

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून नुसत्या क्विझवर ग्रुप चालत नाही. गुणवत्तेसाठी धरली जाणारी लेखी परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ गुणांची. दोन्ही भाषांचे पेपर फक्त पात्रतेपुरते. म्हणजे खरी मागणी उत्तर तपासून देणाऱ्यांची आहे, आणि तीच माणसं सर्वात दुर्मिळ.

एक उत्तर नीट वाचून दोन ओळींचा शेरा द्यायला आठ-दहा मिनिटं जातात. तासाला सहा-सात उत्तरं. पन्नास जणांनी उत्तरं टाकली तर एका तपासनिसाचा अख्खा दिवस गेला. यावर उपाय एकच: ज्याला उत्तर तपासून हवं त्याने आधी दुसऱ्या दोघांची तपासावीत. नियोजन करणारा स्वयंसेवक रविवारी प्रश्न देतो, मंगळवार रात्रीपर्यंत उत्तरं घेतो, बुधवारी जोड्या लावतो आणि फक्त अडलेली पाच-सहा उत्तरं अनुभवी माणसाकडे पाठवतो. शेऱ्यासाठी तीन प्रश्न ठरवून द्या: विचारलं तेच लिहिलंय का? महाराष्ट्रातलं उदाहरण किंवा आकडा आहे का? शेवट घाईत उरकलाय का? ‘छान लिहिलंय, लगे रहो’ हा शेरा धरू नका.

हस्तलिखिताचा फोटो फोटो म्हणून पाठवला की टेलिग्राम तो दाबून लहान करतो आणि पेन्सिलीच्या आकृत्या दिसत नाहीत. फाइल म्हणून पाठवायला सांगा.

‘उद्याचा पेपर आहे, निम्मे पैसे आधी’

प्रत्येक परीक्षेच्या आठवड्यात हा मेसेज येतो. बहुतेकदा ॲडमिनचंच नाव आणि फोटो लावलेल्या खात्यावरून, थेट सदस्यांच्या इनबॉक्समध्ये. नाव आणि फोटो कुणालाही लावता येतो, युजरनेम मात्र एकाच खात्याला मिळतं. म्हणून सर्व ॲडमिनची युजरनेम पिन केलेल्या मेसेजमध्ये ठेवा आणि खाली लिहा: ‘आम्ही आपणहून कुणालाही मेसेज करत नाही, पैसे मागत नाही.’

परीक्षा झाल्यावर दुसरा प्रकार सुरू होतो: ‘बघा, पेपर आदल्या रात्रीच आमच्याकडे होता’ म्हणून स्क्रीनशॉट. टेलिग्रामवर जुन्या पोस्टमधली फाइल नंतर बदलता येते, तारीख मात्र जुनीच राहते. १८ जून २०२४ ला झालेली यूजीसी-नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा दुसऱ्या दिवशी रद्द झाली. पेपर आधीच फुटल्याचं ‘दाखवणारा’ स्क्रीनशॉट फेरफार केलेला होता, असं नंतर सीबीआयच्या तपासात पुढे आलं. देखरेखवाल्याने असा स्क्रीनशॉट ग्रुपवर राहू द्यायचा नाही, पण गुपचूप पुसायचाही नाही. पुसला की ‘ॲडमिन मिळालेले आहेत’ ही चर्चा सुरू. मेसेज काढा, कारण लिहा, खरा पुरावा असेल तर तो आयोगाकडे आणि पोलिसांकडे द्यायला सांगा.

निकालाच्या संध्याकाळी दोघांनी फक्त वाचत बसायचं. ‘आता घरी काय तोंड दाखवू’, ‘सगळं संपलं’ असं कुणी लिहिलं तर त्यावर ग्रुपवर चर्चा होऊ देऊ नका, धीराचे स्टिकरही नकोत. त्या मुलाला किंवा मुलीला ओळखणारं ग्रुपात कोण आहे ते शोधा, त्या माणसाला लगेच फोन करायला सांगा. रूममेट, अभ्यासिकेचे चालक, गावाकडचा मित्र, कुणीही चालेल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तो त्या दिवशी सर्वात वर पिन असावा. पण नंबर देऊन आपली जबाबदारी संपली असं धरू नका. फोन लागला, बोलणं झालं, हे ॲडमिनच्या ग्रुपात लिहून येईपर्यंत जागं राहायचं. हे काम नव्या स्वयंसेवकावर टाकू नका.

पीडीएफ, आणि पैसे

क्लासच्या नोट्स आणि विकत मिळणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ वाटून ग्रुप झपाट्याने वाढतो, हे खरं. बुडतोही त्यानेच. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला, तिचं साहित्य वाटणाऱ्या चॅनेलवाल्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते उघड करायला सांगितले. ज्याचं नाव निघेल तो उद्या चारित्र्य पडताळणीला सामोरा जाणारा उमेदवार असतो, हे स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी सांगा. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं, राज्याची आर्थिक पाहणी, ‘लोकराज्य’, आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका हे सगळं अधिकृत ठिकाणी फुकट मिळतं. फाइल टाकू नका, लिंक टाका. उत्तरतालिका तर लिंकनेच द्या, कारण पहिली आणि अंतिम यांच्या फाइल ग्रुपवर हमखास एकमेकींत मिसळतात.

पैशांची गरज मुळात फार थोडी असते. मदत करू इच्छिणाऱ्यांकडून वस्तू किंवा वेळ घ्या: अभ्यासिकेला पुस्तकांचा संच, उत्तरतपासणीचे चार तास. क्लासची जाहिरात घेतलीत तर त्या क्लासच्या चुकलेल्या उत्तराबद्दल ग्रुपवर बोलायची चोरी होते, म्हणून ती नकोच. वर्गणी घ्यावीच लागली तर एकाच्या यूपीआयवर जमा करू नका. दोघांच्या नजरेखालचं खातं आणि तीन महिन्यांनी पिन केलेला हिशेब, दोन्ही हवं.

एक खर्च मात्र कुणालातरी नेमून द्या: मालकाच्या खात्याच्या सिमचा रिचार्ज. अभ्यासासाठी साधा फोन घेतला की जुनं सिम ड्रॉवरमध्ये पडतं. सलग ९० दिवस न वापरलेलं सिम बंद होऊ शकतं, आणि तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळाला तर त्याच्या हाती ओटीपी जातो. टू-स्टेप पासवर्ड, म्हणजे ओटीपीनंतर विचारला जाणारा दुसरा पासवर्ड, असेल तरच ग्रुप वाचतो.

सोपवणं

जाणाऱ्याने जायच्या दोन आठवडे आधी सांगावं आणि त्या दोन आठवड्यांत नव्या स्वयंसेवकाने त्याच्याबरोबर काम करावं. नव्याला लागतात तीन गोष्टी: शीटची मालकी, नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आणि कुणाला का काढलं याची यादी. जाणाऱ्याचं ॲडमिनपद त्याच दिवशी काढा. मान म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं खातं हॅक झालं की रातोरात ग्रुपवर क्रिप्टोच्या जाहिराती सुरू होतात.

ग्रुपची मालकी बदलताना टेलिग्रामच्या दोन अटी आहेत: मालकाच्या खात्यावर टू-स्टेप पडताळणी किमान सात दिवस आधीपासून सुरू हवी, आणि ज्या फोनवरून बदल करायचा त्यावर लॉगिन होऊन २४ तास झालेले हवेत. प्रशिक्षणाला निघताना स्टेशनवरून हे जमत नाही. अंतिम निकाल लागला की त्याच आठवड्यात पासवर्ड सुरू करून ठेवा आणि मालकी पुढच्या हंगामात परीक्षेला न बसणाऱ्याच्या नावावर करा.