राशी की समीकरण? पेन उचलण्याआधी हे बघा

नववीतली भाची परवा सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आली ती वही आपटतच. 'सरळ रूप द्या' या प्रश्नात तिचे दोन गुण गेले होते. तिनं लिहिलं होतं: क्ष/२ + क्ष/३ = ३क्ष + २क्ष = ५क्ष. "मामा, छेद घालवायला सहानं गुणलं ना मी!" आकडेमोड चोख होती. पण हाताशी होती राशी, आणि तिनं सोडवायला घेतलं समीकरण.

म्हणून पहिलं काम: दिलेल्या प्रश्नात बरोबरचं चिन्ह आहे का, ते बघा. २५ + १७क्ष ही राशी. २५ + १७क्ष = ९३ हे समीकरण. रिक्षाचंच घ्या. समजा, पहिल्या दीड किलोमीटरचे २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७. दीडच्या पुढचं अंतर क्ष धरलं, तर स्वारगेटहून कुठेही जा, भाडं २५ + १७क्ष. यात खरं-खोटं करण्यासारखं काही नाही. मीटर ९३ वर थांबला की मात्र विधान तयार होतं, आणि ते क्षच्या एकाच किमतीला खरं ठरतं: १७क्ष = ६८, क्ष = ४. (एकूण प्रवास साडेपाच किलोमीटरांचा. शाब्दिक उदाहरणात ते दीड हमखास विसरतात.)

मग रेषीय आहे का ते तपासा. क्षचा घात १ हवा. क्षचा वर्ग किंवा छेदात क्ष दिसला, तर प्रकरण वेगळं. आपल्याकडे भास्कराचार्य क्षच्या जागी 'यावत्तावत्' लिहीत, दुसरी अज्ञात संख्या आली की 'कालक', तिसरी आली की 'नीलक'. काळा, निळा! मला हे क्षपेक्षा गोड वाटतं.

त्यानंतर प्रश्नातलं क्रियापद वाचा. 'सरळ रूप द्या', 'बेरीज करा' हे राशीसाठी. 'सोडवा', 'उकल काढा' हे समीकरणासाठी.

आता खरी मेख. समीकरणाला दोन बाजू असतात. दोन्हींना सहानं गुणलं तरी उकल तीच राहते. राशीला दुसरी बाजूच नाही. तिला सहानं गुणलं की ती सहापट होते. शंका आली तर क्ष = ६ ठेवून बघा: क्ष/२ + क्ष/३ म्हणजे ३ + २ = ५, आणि भाचीचं ५क्ष म्हणजे ३०! राशीत छेद समान करायचे, घालवायचे नाहीत: ३क्ष/६ + २क्ष/६ = ५क्ष/६. सहा ठेवा, ५ येतात.

यावर तिनं विचारलं, "पण इथेही बरोबरचं चिन्ह आहेच की!" प्रश्न रास्त आहे. ते चिन्ह प्रश्नात नव्हतं, आपण उत्तर लिहिताना घातलं. दोन्हीकडे एकच राशी वेगळ्या रूपात आहे, म्हणून क्षची कुठलीही किंमत चालते. याला नित्य समानता म्हणतात. यात शोधायचं काही उरत नाही.

मग मी तिला तेच गणित शेपूट लावून दिलं: क्ष/२ + क्ष/३ = १०. आता सहानं बिनधास्त गुणायचं. ३क्ष + २क्ष = ६०, क्ष = १२. ताळा: ६ + ४ = १०.