हिस्टिओसायटोसिससाठी क्लिनिकल ट्रायल कशी शोधावी? नाशिककरांसाठी मार्गदर्शक

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस’ असं छापून आलं, की घरातलं कोणीतरी त्याच रात्री मोबाइल घेऊन बसतं. पहाटेपर्यंत अमेरिकेतल्या पाच-सात ट्रायलची, म्हणजे नवे उपचार रुग्णांवर तपासणाऱ्या चाचण्यांची, नावं सापडतात आणि सकाळी डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न जातो, ‘यात आमचं पोर बसेल का?’ डॉक्टरांना त्याचं उत्तर बहुतेक वेळा देता येत नाही, कारण ते ज्या कागदांवर ठरतं ते फाईलमध्येच नसतात. म्हणून ट्रायलचा शोध वेबसाइटवरून सुरू करू नका. आधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये जा.

त्याआधी आजाराची थोडी ओळख. हिस्टिओसाइट या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी. त्यांच्या कुळातल्या पेशी नको तिथे साठायला लागल्या की हाड, त्वचा, कान, यकृत, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी, काहीही धरलं जाऊ शकतं. मुलांमध्ये जास्त दिसतो तो लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस, थोडक्यात एलसीएच. पंधरा वर्षांखालच्या दहा लाख मुलांमागे वर्षाला चार-पाच, म्हणजे नाशिकसारख्या मोठ्या जिल्ह्यातही वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच रुग्ण. त्यामुळे डोक्यावरची न जाणारी खपली कोंडा समजली जाते, वाहणाऱ्या कानात महिनोन् महिने थेंब घातले जातात, आणि पिट्युटरी बिघडल्याने मूल रात्रीतून चार वेळा उठून पाणी पितं तेव्हा ‘उन्हाळा आहे’ म्हणून विषय संपतो. मोठ्या माणसांत याच कुळातला एर्डहाइम-चेस्टर हा आजार दिसतो, तो बहुधा गुडघ्याभोवतीच्या लांब हाडांत. एचएलएचचं (हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस) नाव यांच्यासारखंच असलं तरी त्याची गोष्ट वेगळी. त्यात ताप, वाढलेली प्लीहा आणि घसरणारे रक्ताचे आकडे काही दिवसांत जिवावर बेततात. एचएलएचचा संशय असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आज, आत्ता मोठं हॉस्पिटल गाठा.

पहिलं काम: ब्लॉक ताब्यात घ्या

बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. काडेपेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकची चौकट, तिच्यावर नंबर आणि आत पांढरट मेणात अडकलेला तांदळाच्या दाण्याएवढा करडा ठिपका. एवढ्याशा ठिपक्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. २०१० साली लक्षात आलं की एलसीएचच्या निम्म्याहून जास्त रुग्णांच्या रोगपेशींत बीआरएएफ नावाच्या जनुकात एकच ठरावीक बिघाड असतो, व्ही६००ई. दोन वर्षांनी एर्डहाइम-चेस्टरमध्येही तोच सापडला. आजच्या बऱ्याचशा ट्रायल याच बिघाडावर किंवा त्याच साखळीतल्या पुढच्या कड्यांवर काम करणाऱ्या औषधांच्या आहेत. बीआरएएफचा रिपोर्ट नसेल तर अशा ट्रायलच्या दारावर थाप मारूनही उपयोग नाही.

लॅबला साधा अर्ज द्या: रुग्णाचं नाव, बायोप्सी नंबर, तारीख, आणि ‘दुसऱ्या मतासाठी ब्लॉक व स्लाइड्स हव्यात’ एवढं एक वाक्य. ओळखपत्राची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. ब्लॉक नेताना उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते. रिपोर्टमध्ये सीडी१ए आणि लँगेरिन या दोन तपासण्यांचे निकाल आहेत का तेही पाहा. एलसीएचचं निदान त्यांच्यावर पक्कं होतं. नुसतं ‘सजेस्टिव्ह ऑफ’ लिहिलेलं असेल तर दुसरं मत घ्याच.

बायोप्सी अजून व्हायची असेल तर एक गोष्ट सर्जनला आधीच सांगा, कारण नंतर ती दुरुस्त होत नाही. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून लॅबमध्ये तो अॅसिडमध्ये ठेवून मऊ करतात, आणि तीव्र अॅसिडात त्यातला डीएनए खराब होतो. मग निदान होतं, पण जनुकाची तपासणी फसते आणि पोराला पुन्हा भूल द्यावी लागते. ‘थोडा मऊ भाग अॅसिडमध्ये न घालता वेगळा ठेवाल का, किंवा अॅसिडऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापराल का?’ असं विचारलं तर चांगल्या पॅथॉलॉजिस्टला राग येत नाही.

दुसरं: ट्रायलची गरज आहे का, हे विचारा

हे वाक्य ट्रायलवरच्या लेखात विचित्र वाटेल, पण बऱ्याच मुलांना ट्रायलची गरज नसते. एकाच हाडात गाठ असेल तर कधी ती खरवडून काढणं पुरतं, कधी नुसती नजर ठेवली तरी भागतं. आजार अनेक ठिकाणी असेल तर व्हिनब्लास्टिन या केमोथेरपीच्या औषधाची इंजेक्शनं आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ही जुनी, तुलनेने स्वस्त आणि चांगली तपासलेली जोडी आहे. ती साधारण वर्षभर द्यावी, हे एलसीएच-३ या आंतरराष्ट्रीय ट्रायलमधूनच पुढे आलं: सहा महिन्यांऐवजी बारा महिने दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. योजना मुंबईच्या तज्ज्ञाने आखली तर ही इंजेक्शनं नाशिकमध्येही घेता येतात.

ट्रायलचा विचार खरा होतो तो या उपचाराला आजार दाद देत नाही तेव्हा, पुन्हा पुन्हा उलटतो तेव्हा, किंवा यकृत, प्लीहा आणि रक्त-मज्जा या धोक्याच्या जागा धरल्या असतील तेव्हा. एर्डहाइम-चेस्टरच्या रुग्णांनी मात्र सुरुवातीलाच विचारावं.

आपल्या डॉक्टरांच्या नकळत काही करू नका. लहान मुलांचा किंवा मोठ्यांचा रक्त-कर्करोग तज्ज्ञ बघा; नाशिकमध्ये नसेल जमत तर परळला टाटा मेमोरियल आहे, मुलांसाठी वाडिया आहे. पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलं की परळ हाकेच्या अंतरावर. जाताना मूळ रिपोर्ट, स्कॅनची सीडी, ब्लॉक आणि आतापर्यंत दिलेल्या औषधांची तारीखवार यादी घ्या. यादी हाताने लिहिलेली चालेल, पण तारखा हव्यात. अनेक ट्रायलमध्ये आधीचं औषध थांबवून ठरावीक दिवस जावे लागतात आणि स्टेरॉइड कधी सुरू केलं यावरसुद्धा प्रवेश अडतो.

तिसरं: आता शोधा

भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय, सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंद तिथे सक्तीची झाली. शोधाच्या चौकटीत ‘हिस्टिओसायटोसिस’ इंग्रजीत टाका, मग ‘लँगरहॅन्स’, मग ‘बीआरएएफ’. तीन वेगळे शोध घ्या, कारण सगळ्या हिस्टिओसाइट आजारांसाठी मिळून एकच ट्रायल असू शकते आणि तिच्या नावात तुमच्या आजाराचा पत्ताही नसेल. अमेरिकेच्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवरही हेच करा; तिथे देशाच्या रकान्यात इंडिया निवडता येतं.

नोंद उघडली की सगळी वाचत बसू नका. आधी भरतीची स्थिती बघा: ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ आहे की बंद झालीय. मग वयाची अट. मग कुठल्या शहरातल्या कुठल्या हॉस्पिटलात, आणि तिथल्या एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची, मान्यता आली आहे का. शेवटी कोणाला घेणार आणि कोणाला नाही याच्या अटी, त्या डॉक्टरांसोबत बसून. संपर्काचा ईमेल तिथेच असतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या चार ओळींना उत्तर लवकर येतं, हा सर्वसाधारण अनुभव. त्यात वय, निदान, बीआरएएफचा निकाल आणि झालेले उपचार एवढं पुरे.

रुग्णसंख्या बघून दचकू नका. एर्डहाइम-चेस्टरसाठी अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध बीआरएएफवरचं व्हेमुराफेनिब, २०१७ साली, आणि ती मान्यता अवघ्या २२ रुग्णांच्या निकालावर मिळाली. साखळीतल्या पुढच्या कडीवर काम करणाऱ्या कोबिमेटिनिबच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये १८ जण होते. २०२२ मध्ये त्यालाही मान्यता मिळाली. इतक्या दुर्मीळ आजारात हजार रुग्णांची ट्रायल होणारच नाही.

परदेशातल्या ट्रायलवर मात्र फार जीव टाकू नका. व्हिसा, महिनोन् महिने तिथे राहणं, ट्रायलबाहेरचा हॉस्पिटलचा खर्च, हे फार थोड्या घरांना परवडतं. त्याच गटातलं औषध इथल्या तज्ज्ञाला ट्रायलशिवाय लिहून देता येईल का, हा प्रश्न बहुतेकांच्या जास्त कामाचा.

आणि कोणी ‘आमची ट्रायल आहे, तीन लाख भरा’ म्हणालं तर सीटीआरआयचा नंबर मागा. नंबर दाखवला तरी लगेच हुरळून जाऊ नका, कारण नोंद झाली म्हणजे सरकारने उपचाराची हमी दिली असं नसतं. ज्या औषधाचा गुण अजून तपासला जातोय त्याचे पैसे रुग्णाकडून मागितले, की मी तरी तिथून उठेन.

चौथं: सही करण्याआधी

या टप्प्यावर घरात आजी म्हणतेच, ‘आपलं पोर काय उंदीर आहे का प्रयोग करायला?’ तिला गप्प करू नका, तिचा प्रश्न ट्रायलच्या डॉक्टरांपुढे न्या. हे औषध माणसांना आधी दिलंय का, किती जणांना, काय त्रास झाला? पहिल्या टप्प्याची ट्रायल मुख्यतः डोस आणि सुरक्षितता बघते. गुण येईल अशी आशा असते, वचन नसतं. तिसऱ्या टप्प्यात चिठ्ठी टाकल्यासारखं नव्या किंवा जुन्या उपचाराच्या गटात नाव जाऊ शकतं.

२०१९ चे नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम तुमच्या बाजूचे आहेत. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं, म्हणजे मराठीत मागा, आणि सही केलेली प्रत घरी न्यायचा हक्क तुमचा आहे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. नवीन रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या, ट्रायलमध्ये मुलांच्या बाबतीत संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं; कॅमेरा बघून घाबरू नका, तो तुमच्याच संरक्षणासाठी आहे. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचाही होकार घेतात. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि ठरलेल्या नियमाने भरपाई. कुठल्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा नंबर असतो, तो फोनमध्ये सेव्ह करा.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत: ट्रायल संपल्यावर औषध कोण देणार? बीआरएएफवरची औषधं आजार दाबून ठेवतात. बंद केली की पुष्कळ रुग्णांत तो परत डोकं वर काढतो. ट्रायलनंतर औषध मोफत देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती अटींसह: डॉक्टरांची शिफारस, एथिक्स कमिटीची मान्यता, दुसरा पर्याय नसणं. तुमच्या ट्रायलमध्ये काय ठरलंय ते लेखी बघा.

पैशांचंही नीट विचारा. औषध मोफत असतं, पण पेट स्कॅन, एमआरआय, नाशिक-मुंबई प्रवास, लॉजचं भाडं? कंपनीची ट्रायल असेल तर प्रवासखर्च अनेकदा मिळतो. हॉस्पिटलने स्वतः केलेल्या ट्रायलमध्ये हात आखडता असतो. फेऱ्यांचं वेळापत्रक आधीच मागा. निफाड-पिंपळगावकडच्या घराला ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत दर आठवड्याला मुंबई जमणार आहे का, हे सही करण्याआधीच बोलून टाकलेलं बरं.

नाव लागल्यावर

नाशिकच्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना संमतीपत्राची झेरॉक्स, चालू औषधाचं नाव आणि ट्रायलच्या टीमचा रात्रीचा नंबर देऊन ठेवा. ताप रात्री दोन वाजता येतो, आणि तेव्हा कसारा घाट उतरायचा की जवळच्या हॉस्पिटलात जायचं, हे टीमला आधीच विचारून लिहून ठेवलेलं हवं. मेडिकलमधून आणलेली गोळी असो, काढा असो की वैद्यांचं चूर्ण, देण्याआधी विचारा. ट्रायलच्या औषधाशी काय भिडेल सांगता येत नाही. व्हेमुराफेनिबसारख्या औषधावर त्वचा उन्हाने लवकर भाजते, म्हणून शाळेत चिठ्ठी द्या: मैदानात टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाशिकची थंडी असली तरी.